सावरीखालचा भाऊ

त्या जूनमध्ये मिनेसोटात सलग बावीस दिवस पाऊस पडला नाही. शेतावर पंप एकच, आणि त्याच्यावर अकरा जणांचे तुकडे. शेवटी मॅनेजरबाईने नळाजवळच्या खांबाला पाळ्यांचा कागद चिकटवला. सहा ते सात मा केबे, सात ते आठ रत्ना, आठ ते नऊ फ्लोमो.

शेत ईडन प्रेरीतल्या रत्नाच्या घरापासून चाळीस मिनिटांवर, मक्याच्या पट्ट्यांमध्ये होतं. दुसऱ्या देशांतून आलेल्या, शेती येत असलेल्या लोकांना एक संस्था तिथे पाव-पाव एकराचे तुकडे कसायला द्यायची. रत्ना यवतमाळकडची. नवऱ्याच्या, प्रसादच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. त्यातली नऊ घरात बसून गेली. वर्क परमिट हातात आलं तशी तिने हा तुकडा घेतला, आणि मेथी, भेंडी, अंबाडी, मिरची लावून देशी घरांतून विकायला लागली.

तिच्या एका बाजूला मा केबेचा तुकडा, दुसऱ्या बाजूला फ्लोमोचा. दोघंही लायबेरियाचे. मा केबे साठीची, जाडजूड, गुडघ्याने अधू. बादली पालथी घालून त्यावर बसायची आणि बसल्या बसल्या पुढे सरकत रताळ्याचा पाला खुडायची. त्या लोकांना पाल्याची भाजी लागते, कंद नाही. फ्लोमो पंचेचाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. त्याने त्याच वर्षी जमीन घेतली होती.

एप्रिलमध्ये ओल्या फळीवरून घसरून रत्नाचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत फ्लोमोने स्वतःचा टिलर आणून तिची सगळी जमीन फोडली, वरंबे ओढले. बदल्यात तिने मिरचीची रोपं देऊ केली, ती त्याने घेतली आणि विषय संपला. माच्या पाल्याची खोकीही तोच उचलून गाडीत ठेवायचा. मा त्याला "माय सन" म्हणायची. चेष्टा करायची, "एवढा उंच आहेस, पण टोपी काय काढत नाहीस! टक्कल पडलंय का?"

फ्लोमोच्या डोक्यावर कायम कान झाकणारी लोकरीची टोपी असायची.

त्या दिवशी सकाळी आठलाच अंग भाजत होतं. रत्नाची पाळी संपली होती, ती पाइप गुंडाळत होती. फ्लोमो नळाशी आला, त्याने टोपी काढली आणि डोकं सरळ धारेखाली धरलं. पाणी मानेवरून पाठीत गेलं. मा केबे दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून घ्यायला उभी होती.

फ्लोमोचा डावा कान अर्धाच होता. वरचा भाग फाटून गेलेला.

माच्या हातातला कॅन पडला. ती काहीतरी बोलली, ते तिच्या भाषेत होतं. मग ती खालीच बसली, चिखलात. मुठीत चिखल घेऊन तिने तो फ्लोमोकडे फेकला. त्याच्या छातीला लागला. दुसरी मूठ. तिसरी. तो हलला नाही. धार तशीच वाहत राहिली.

"मा, काय झालं? मा!" रत्ना धावली. तिला वाटलं, म्हातारीला उन्हाचा त्रास झाला.

"हाच तो," मा इंग्रजीत म्हणाली. "माझ्या भावाला यानं नेलं. हा कान मी बघितलाय."

रत्नाने फ्लोमोकडे पाहिलं. त्याने टोपी पिळली, ओलीच डोक्यावर घातली आणि आपल्या वाफ्यांकडे निघून गेला. नळ बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे रत्नाच्या तुकड्यातूनच सगळं चाललं, कारण मधे तीच होती.

नळाकडची वाट माच्या बांधावरून जायची. मा पहाटेपासून त्या वाटेवर बादली पालथी घालून बसायला लागली. फ्लोमो तिकडून जाईना. तो लांबून वळसा घेऊन यायचा आणि बादल्या घेऊन रत्नाच्या भेंडीमधून जायचा. पाच-पाच गॅलनच्या दोन बादल्या, खांदे खाली ओढलेले. भेंडीची झाडं मोडली. रत्नाने ती उपटून टाकली. तरी त्याचा कांदा पिवळा पडला, आणि ज्या लायबेरियन दुकानवाल्याने त्याची मिरची घ्यायचं कबूल केलं होतं, त्याने फोन उचलणं बंद केलं.

रत्ना नेहमीप्रमाणे माला अंबाडीची भाजी घेऊन गेली. त्या दोघींची ती एक गंमत होती. अंबाडी माच्याही गावची भाजी, फक्त ती त्यात सुकी मासळी घालायची. माने डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावून परत दिला.

"ही जमीन कुणी फोडली?" तिने विचारलं.

"कुठली?"

"जिच्यात ही भाजी उगवली, ती."

 रत्ना डबा घेऊन परत आली. बांधावर बसून तिने एकटीनेच भाजी खाल्ली. पलीकडून फ्लोमो बघत होता. त्याने मान खाली घातली आणि निंदायला लागला. दोघांपैकी कुणाचं तोंड बघावं, तिला कळेना. ज्याने आपलं मोडकं मनगट सांभाळून घेतलं तो माणूस, आणि म्हातारी चिखल फेकत होती तेव्हा तिला दिसत होता तो माणूस, हे दोन एकाच अंगात रत्नाला बसवता येईनात.

जुलैच्या मध्यावर लायबेरियन लोकांच्या चर्चचे पास्टर डॉलो शेतावर आले. बुटके, पांढऱ्या मिशांचे, पायात बूट चकचकीत. बूट सांभाळत ते रत्नाच्या वरंब्यांमधून आले.

"आमच्याकडे रीत आहे," ते म्हणाले. "देशातली यादवी लढाई संपल्यावर गावोगाव केली. छपराखाली सगळे बसतात. ज्याचं गेलं तो बोलतो, ज्यानं केलं तो बोलतो. मग पाण्यात हात धुतात. एकाच वाडग्यात."

"चांगलं आहे," रत्ना म्हणाली. तिला वाटलं, परवानगी मागायला आले असतील.

"वाडगं धरायला माणूस लागतो. आमच्यातल्या कुणीही धरलं तर तो या बाजूचा नाही तर त्या बाजूचा. कुणाचे ना कुणाचे नातेवाईक आहेतच. तुमची जमीन दोघांच्या मधे आहे, सिस्टर."

रात्री जेवताना तिने प्रसादला सांगितलं.

"तू कशाला त्यात पडतेस?" तो म्हणाला. "आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. उद्या कुणी पोलिसांत गेलं तर विटनेस म्हणून तुझं नाव."

"अहो, पोलिसांत कुणी जात नाहीये. ते मिटवतायत."

"मर्डर मिटवतायत? असं मिटतं का?"

"मला काय माहीत! त्यांची रीत आहे."

"आय थिंक शी शुड गो," त्यांची मुलगी अनया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. ती चौदाची होती. "इट्स लाइक, हीलिंग."

"तू जेव," प्रसाद म्हणाला. मग रत्नाला, "त्या माणसाने खरंच केलंय ते?"

"त्याने अजून नाही म्हटलेलं नाही."

"म्हणजे हो?"

रत्नाने पोळी तोडली. तेच तर तिला कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी भाज्या धुवायच्या छपराखाली खुर्च्या मांडल्या. लायबेरियन वस्ती असलेल्या ब्रुकलिन पार्कहून चाळीसेक माणसं आली. दाराशी एक टोपली होती, तिच्यात सगळ्यांनी आपापले फोन टाकले. बायकांनी भाताची पातेली आणली होती, पण झाकणं कुणी काढली नाहीत. उकाडा इतका की टेबलांच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

रत्नाला मधोमध उभं केलं. हातात लाकडी वाडगं, काठोकाठ पाणी. सांडू द्यायचं नाही आणि खाली ठेवायचंही नाही, असं पास्टरांनी सांगितलं. पहिल्या दहा मिनिटांतच मोडलेलं मनगट ठणकायला लागलं.

आधी मा बोलली. अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं इंग्रजीत. रत्नाला तुकडे तुकडे कळले. लोक घरं सोडून चालले होते. पुलावर दोरी बांधून पोरांनी रांग अडवली होती. हातात बंदुका, अंगावर बायकांचे गाऊन, एकाच्या डोक्यावर केसांचा टोप. तिचा भाऊ मुल्बा सतरा वर्षांचा. त्याच्या पायात चांगले बूट होते म्हणून त्याला सैनिक ठरवलं. ते बूट माने घेऊन दिले होते.

"पिकअपमध्ये चढवला," मा म्हणाली. "ज्यानं दंड धरला होता त्याचा कान असा होता. त्यातून रक्त येत होतं. मी ओरडले. मुल्बानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मलाही नेलं असतं, म्हणून बघितलं नाही. तीस वर्षं झाली. कुठं नेला, मला माहीत नाही. आमच्या आईनं मरेपर्यंत त्याचं ताट बाजूला काढलं."

फ्लोमो उभा राहिला. टोपी हातात. सगळे त्याच्या कानाकडे बघत होते.

"मी चौदा वर्षांचा होतो," तो म्हणाला.  मागे कुणीतरी खोकलं. "मी होतो. आम्ही त्याला गाडीतून ग्बालाच्या नाक्यावर नेलं. नदीजवळ कॉटन ट्री आहे, त्याच्यामागे. त्यानं पाणी मागितलं. मी दिलं नाही. त्यानं बहिणीला हाक मारली. मग मी केलं. मीच पुरलं. झाडाखालीच आहे."

कॉटन ट्री म्हटल्यावर रत्नाच्या डोळ्यांपुढे पऱ्हाटी आली, कमरेएवढी. तिच्याखाली माणूस कसा पुरतील? मग तिला उमगलं, सावर. कापूस उडवणारी मोठी सावर, साऱ्या शिवारातून दिसणारी.

माने डोळे मिटले होते. "हाक मारली," ती म्हणाली. "मला हाक मारली."

नंतरचं पटापट झालं. पास्टरांनी विचारलं, तू काय मागतोस. फ्लोमो गुडघ्यावर बसला, म्हणाला, माफी. पास्टरांनी माला विचारलं. बाहेर पंप चालू होता. चाळीस माणसं माच्या तोंडाकडे बघत होती. मा उठली. गुडघा धरून, एकेक पाऊल टाकत ती वाडग्यापाशी आली आणि तिने हात बुडवले. फ्लोमोनेही बुडवले. रत्नाच्या नाकाखाली चार हात, माचे नखांत माती असलेले आणि त्याचे लांबट. पाण्यात त्यांची बोटं एकमेकांना लागली, आणि माचा हात झटका बसल्यासारखा आखडला. रत्नाशिवाय ते कुणाला दिसलं नसावं. पाणी तिच्या साडीवर सांडलं. पास्टर म्हणाले, असू दे.

बायका गाऊ लागल्या. पातेल्यांची झाकणं निघाली. रत्नाला ताट मिळालं, भात आणि रताळ्याच्या पाल्याचं कालवण. मनगट सुजलं होतं. तिने उजव्या हाताने खाल्लं आणि आजूबाजूला बघत राहिली. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, आणि फ्लोमो भांडी घासायच्या जागी एकटा उभा राहून तोंड धूत होता, पुन्हा पुन्हा.

त्यानंतर फ्लोमो रोज सकाळी आधी माच्या वाफ्यात जायला लागला. निंदायचा, खोकी उचलायचा, पाइप ओढायचा. मा त्याच्याशी बोलत नसे. "इथं", "ते नको", "पुरे" एवढंच. पण तिने वाट मोकळी केली. त्याच्या मिरच्या दुकानात जायला लागल्या. अंबाडीची भाजीही माने परत खाल्ली.

ऑगस्टमध्ये पाऊस आला तो एकदम धो-धो. सरींतून पाणी साचलं, टोमॅटो तडकले. चिखलात पाय रुतवत तिघंही दिवसभर काम करत. एकदा बांधावर डबे खाताना मा रत्नाला म्हणाली, "जानेवारीत मी जाते. तिकीट काढलं."

"कुठे, मा?"

"लायबेरियाला. आधी ग्बालाला. पुतण्या येतो, पास्टरांचा भाऊ येतो. मुल्बाला काढायचं आणि आईशेजारी ठेवायचं. पेटी तिथंच करून घेऊ."

ती नीट बसून जेवत होती. रत्नाने तिला इतकं नीट बसून जेवताना कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे फ्लोमोच्या हातातलं खुरपं थांबलं. त्याने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मा दवाखान्यात गेली होती. फ्लोमो टिलरच्या दात्यांत अडकलेलं प्लास्टिक सुरीने कापत बसला होता. रत्ना त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. त्याने कप घेतला नाही.

"सिस्टर," तो म्हणाला, "त्या झाडाखाली तो नाही."

"कोण?"

"मुल्बा. तो नाही तिथं."

रत्ना कप धरून उभी राहिली.

"मी त्या पुलावर कधी नव्हतो. म्हणजे, नसावा. माझा नाका ग्बाला होता. पूल तिथून दोन दिवसांच्या वाटेवर. आम्हाला नशेचं काय काय ओढायला द्यायचे. मला पुष्कळ आठवत नाही. पण हा कान," त्याने टोपीवर हात ठेवला, "हा नंतरचा आहे. लढाई संपल्यावर गिनीच्या छावणीत कुत्र्यानं फाडला. मग तिनं पाहिलेला मी कसा असेन?"

"पण तुम्ही तर तिथे सगळं सांगितलंत. पाणी मागितलं, हाक मारली."

"ते खरं आहे. दुसरा होता. त्यालाही बहीण होती, तिलाच हाक मारत होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. झाड खरं आहे. मी पुरलं तेही खरं आहे."

"मग नाही का म्हणाला नाहीत? नळावर? त्याच दिवशी?"

त्याने प्लास्टिकचा तुकडा ओढून काढला. "कसं म्हणू? मी नाही, मी दुसऱ्याला मारला, असं? तिला कुणीतरी पाहिजे होतं. मलाही कुणीतरी पाहिजे होतं, सिस्टर. ज्याची बहीण आहे तिच्यापुढं मला जाता येत नाही. ती कोण हेच मला माहीत नाही. मला वाटलं, एकीनं माफ केलं तर चालेल."

"आणि आता ती खणायला निघाली."

"हो."

रत्नाने कप जमिनीवर ठेवला. तिला त्याचा राग आला आणि मग कशाचा आला हे कळेना. तो खोटं बोलला म्हणून? की खरं सांगून त्याने ते तिच्या गळ्यात घातलं म्हणून?

घरी तिने प्रसादला सांगितलं. तो लॅपटॉप बंद करून बसला.

"तू काही ऐकलंच नाहीस असं समज," शेवटी तो म्हणाला. "ती सुखात आहे. तो कामाला येतो. प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय, रत्ना."

"ती दुसऱ्याचीच हाडं आईशेजारी ठेवेल."

"तिला कळणार आहे का?"

"मला कळेल ना."

"मग सांग."

"सांगितलं तर तिचा भाऊ परत हरवेल. आत्ता कुठे सापडलाय तिला. ती जेवते आता, अहो. पोटभर जेवते."

प्रसादने चष्मा काढून डोळे चोळले. "मला खरंच कळत नाही," तो म्हणाला, आणि रत्नाला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

महिनाभर ती गप्प राहिली. मेथी उपटली, जुड्या बांधल्या, घरोघर पोचवल्या. एका बाईने तिला पुढच्या दारातून न येता गॅरेजमधून यायला सांगितलं, पायांना माती होती म्हणून. एरवी तिला ते लागलं असतं. आता तिचं लक्षच नव्हतं. शेतावर मा तिला पेटीबद्दल सांगायची. आत पांढरं कापड की निळं? मुल्बाला निळं आवडायचं. रत्ना हो हो करायची आणि माचं तोंड चुकवायची.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी तिने फ्लोमोला गाठलं. "तुम्ही सांगा. नाही तर मी सांगेन."

"सगळे परत पाठ फिरवतील," तो म्हणाला.

"होईल ते होईल. पण तिला तिथे जाऊन फसू देऊ नका."

त्यानंतर तीन दिवस तो आला नाही. चौथ्या दिवशी थंडीचा इशारा आला. त्या रात्री पारा शून्याखाली जाणार होता. रताळ्याचा पाला एका हिवाने काळा पडतो, त्यामुळे अकराच्या अकरा तुकड्यांवर माणसं होती. आभाळ स्वच्छ आणि वारा कापणारा. मा बादलीवर बसून दोन्ही हातांनी खुडत होती. रत्ना आपली मिरची अर्धी तोडून तिच्या मदतीला गेली होती. बोटं बधिर झाली होती. दुपारी दोनच्या सुमारास फ्लोमोची गाडी आली.

तो थेट माच्या वाफ्यात आला. कामाला वाकला नाही, तसाच उभा राहिला.

"उभा काय राहिलास?" मा म्हणाली. "खोकी भर."

"ओल्ड मा..." एवढंच म्हणून तो थांबला. 

रत्नाने हातातला पाला खाली ठेवला. "मा, याला सांगायचंय काहीतरी. मला महिन्यापासून माहीत आहे. मी सांगितलं नाही, ती माझी चूक."

"काय?"

"त्या पुलावर तो नव्हता, मा. असं तो म्हणतो."

मग फ्लोमोने सांगितलं. रत्नाला सांगितलं होतं तसंच, कमी शब्दांत. कुत्रा. छावणी. दुसरा मुलगा. झाड. बोलताना त्याने टोपी काढली होती आणि थंडीने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, की दुसऱ्या कशाने, ते सांगता आलं नसतं.

मा खुडत राहिली. एक मूठ, दुसरी, तिसरी. खोकं भरलं तरी तिचे हात थांबले नाहीत, पाला बाहेर सांडायला लागला. रत्नाने दुसरं खोकं पुढे सरकवलं. माने ते पायाने ढकललं.

"म्हणजे मुल्बानं हाक मारली की नाही, मला माहीत नाही," ती म्हणाली.

रत्नाने सांडलेला पाला गोळा करायला घेतला.

"मी सगळ्यांसमोर पाण्यात हात घातला. तू गुडघ्यावर बसलास. सगळे रडले. ती माफी मी कुणाला दिली?" तिने रत्नाकडे पाहिलं. "तू तर वाडगं धरून होतीस. सांग."

"मला नाही माहीत, मा."

"मलाही नाही. दिलेली परत कशी घेतात तेही माहीत नाही." ती फ्लोमोकडे वळली. "तू चोर आहेस. माझ्या भावाच्या जागी जाऊन बसलास."

"हो," तो म्हणाला.

"जा इथून."

तो वळला. दहा पावलं गेला असेल. वाऱ्याने खोक्यातला पाला उडत होता. माने एक पान पकडलं, चुरगाळलं.

"ए," तिने हाक मारली. तो थांबला. "त्या झाडाखाली कुणी आहे ना?"

"आहे."

"त्याच्या बहिणीला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच माहीत नाही. फक्त मला. आता तुम्हाला."

माने चुरगाळलेलं पान खाली टाकलं. शेजारच्या तुकड्यांवरची माणसं पांढरी कापडं ओढून वाफे झाकत होती, एकमेकांना हाका मारत होती. रत्नाला वाटलं, आता ती रडेल, नाही तर पुन्हा चिखल फेकेल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. नाक पुसलं.

"तिकीट काढलंय," ती म्हणाली. "पेटी सांगितलीय. कुणाचा तरी मुल्बा आहे तो. त्याला असा किती दिवस ठेवायचा?"

"मा, तुम्ही जाणार?" रत्नाने विचारलं.

"मग काय करू? आईशेजारी नाही ठेवणार. त्याला त्याची जागा करीन. गावात विचारीन, कुणाचा पोरगा, कुणाची बहीण. सापडली तर सापडली." तिने फ्लोमोकडे बघितलं, पण डोळ्यांत नाही, खांद्यापाशी कुठेतरी. "तू उद्या कामाला यायचं की नाही, ते मी उद्या सांगीन. आज मला कळत नाही. आत्ता इकडे ये. झाड कुठं आहे ते काढून दाखव."

रत्नाने एका केळ्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. खिशात खोक्यांवर नावं टाकायचा मार्कर होता, तो दिला. फ्लोमो माच्या समोर जमिनीवर बसला. पुठ्ठा मांडीवर घेऊन त्याने आधी नदी काढली, मग रस्ता, मग नाका. नदीची रेघ रस्त्यात शिरली. त्याने ती खोडली, पुन्हा काढली. सावरीसाठी एक मोठा गोल केला.

मा पुढे वाकली. चष्मा नव्हता तिच्याकडे, तिने पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला.

"यात तो कुठं?"

त्याने गोलाच्या कडेला बोट ठेवलं.

"डोकं कुठल्या बाजूला?"

फ्लोमोने मार्कर उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला. त्याला आठवायला फार वेळ लागला. 

"नदीकडे," तो म्हणाला, आणि तिथे एक छोटी रेघ ओढली.